किल्ली काढल्यावर

किल्ली काढून खिशात टाकल्यावरही जी मोटार चालूच राहते, तिला बिघडलेली म्हणावे की जरा अधिकच निष्ठावंत म्हणावे, असा एक वाद आमच्या मंडळात बरेच दिवस चालला होता. मंडळ म्हणजे काही नोंदणी झालेली संस्था नव्हे. तिला अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, आणि ठराव तर कधीच होत नाहीत. होतात ते फक्त वाद. रविवारी सकाळी चौलला डॉक्टरांच्या वाडीत, सुपारीच्या सावलीत, एका फिकट पिवळ्या जर्मन मोटारीच्या उघड्या बॉनेटमध्ये पाच माणसे डोकी खुपसून उभी असतात, त्यांना मी मंडळ म्हणतो. डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यांना रिकामटेकडे म्हणतात. चहा मात्र त्या न मागता पाठवतात.

या पाचांची ओळख करून दिली पाहिजे. मोटारीचे मालक डॉक्टर. वय ७९. चौल-रेवदंड्याच्या पंचक्रोशीत नाड्या पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले. दुसरे चाचा. ते मिस्त्री. पोरवयात त्यांनी पहिल्यांदा हातात पाना धरला तेव्हा टाटांच्या मालमोटारींच्या नाकावर जर्मन चांदणी असे. तिसरा तांडेल. दर्यात इंजिन बंद पडले तर मिस्त्रीला हाक मारता येत नाही, या एका वाक्यात त्याचे सगळे यंत्रशास्त्र सामावले आहे. चौथे वकील. त्यांना पान्यातले काही कळत नाही, पण गाडीचे कागद हीही गाडीच असते आणि तीही अधूनमधून बंद पडते, असे त्यांचे म्हणणे. पाचवा मी. मी शाळेत शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. म्हणजे गाडीच्या कामाचे मला काहीच येत नाही. तरी या गाडीत माझ्याकडे एक मानाचे काम होते. त्याविषयी पुढे सांगेन. याशिवाय सहावा एक तरुण आहे. तो अलिबाग-रेवदंडा मिनिडोर चालवतो आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन सगळ्यांच्या मतांवर हसून जातो.

आता नायिकेविषयी. ती मर्सिडीज-बेंझ २४० डी, १९७९ सालची. जर्मन कारखान्याच्या दप्तरी या घराण्याचे नाव डब्ल्यू १२३. १९७६ ते १९८६ या काळात या घराण्याच्या सुमारे २७ लाख गाड्या जन्मल्या. आमच्या गाडीची ताकद ७२ अश्वशक्ती, वजन चौदाशे किलोच्या आसपास. म्हणजे धावण्याच्या शर्यतीत तिला कुणी घेऊ नये. ताशी शंभरचा वेग गाठेपर्यंत एखादी गोष्ट सांगून होते. पण टिकण्याची शर्यत असेल तर गोष्ट निराळी. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातल्या ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्याने १९७६ सालची २४० डी जवळजवळ ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली ती कारखान्याच्या संग्रहालयाला देऊन टाकली. डॉक्टर ही हकिगत नव्या माणसाला सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कुलपुरुषाचा पराक्रम सांगणाऱ्याचे तेज चढते.

गाडी आमच्या किनाऱ्याला आली ती आखातातून. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूच्या किती तरी घरांतली माणसे पोटासाठी तिकडे गेली. परत येताना घर हलवण्याच्या सवलतीत त्यांना आपली वापरलेली मोटार आणता येई. अशाच एका घराने ती आणली. धाकट्या भावाचे लग्न निघाले तेव्हा विकली. डॉक्टरांनी १९९१ साली ती घेतली. आखातातली असल्यामुळे तिचे सुकाणू डाव्या हाताला. आपल्याकडच्या रस्त्यावर हा म्हणजे डावखुऱ्या माणसाला उजव्या पंगतीत बसवण्याचा प्रकार. वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवले आहे, की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमाप्रमाणे अशा गाडीला इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत असलेच पाहिजे. तेव्हापासून गाडीचे दुसरे काहीही बंद असले तरी बाजूचे दिवे लुकलुकत असतात.

लोक विचारतात, की कुठली ही परदेशची गाडी, हिचे भाग मिळतात कुठे? यातली गंमत त्यांना ठाऊक नसते. जर्मन यंत्रांशी आपला शेजार फार जुना आहे. आपण सहज म्हणतो, "टेम्पो भरून सामान आले." हा टेम्पो शब्द हाम्बुर्गजवळच्या एका कारखान्याच्या गाडीचे नाव होते. १९५८ साली त्या कारखान्याशी करार होऊन आपल्याकडे तीनचाकी टेम्पो निघू लागला आणि पाहता पाहता ते विशेषनाम मराठीत सामान्यनाम होऊन बसले. टाटांनी १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार केला. तो १९६९ पर्यंत चालला. घाटात धापा टाकणाऱ्या त्या मालमोटारींवरच चाचांचे शिक्षण झाले. आणि सगळ्यात मोठी गंमत अशी, की आमच्या गाडीचे जे चार नळकांड्यांचे डिझेल इंजिन, ओएम ६१६ नावाचे, तेच पुढे बजाज टेम्पोने परवाना घेऊन आपल्याकडे बनवले. ज्या ट्रॅक्समधून माणसे टपावर बसून लग्नाला गेली, त्या ट्रॅक्सच्या पोटात बेंझचे हृदय धडधडत होते! त्यामुळे आमच्या राणीसाहेबांना एखादे गॅस्केट लागले तर चाचा जर्मनीला पत्र लिहीत नाहीत. पेणला जातात, ट्रॅक्सचा भाग घेऊन येतात, थोडे मोजतात, थोडे घासतात आणि बसवतात. डॉक्टर म्हणतात, "रक्तगट एकच आहे, चालायचेच."

डिझेल इंजिनाचा स्वभाव तांडेलाला जितका कळतो तितका आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नको. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की ते पेटते. रुडॉल्फ डिझेलने आउग्सबुर्ग येथे १८९७ साली हे करून दाखवले. पुढे १९१३ साली २९ सप्टेंबरच्या रात्री ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीवरून इंग्लंडला जाताना हाच डिझेल बोटीवरून नाहीसा झाला आणि काही दिवसांनी त्याचे प्रेत समुद्रात सापडले. कसा गेला, यावर अजून वाद आहेत. मी ही हकिगत सांगितली तेव्हा तांडेल बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ज्याच्या इंजिनावर आमी दर्यावर जातो, त्यालाच दर्यानं नेला म्हना की, गुर्जी." त्यानंतर मी पाहतो, इंजिन चालू करण्याआधी तो बॉनेटला हात लावून कपाळाला नेतो.

दुखणी अनेक झाली. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर गाडी सकाळी चालूच होईना. थंड इंजिनाला ऊब देण्यासाठी प्रत्येक नळकांड्याला एक तापणारी तार असते. तिला ग्लो प्लग म्हणतात. या जुन्या गाडीत चारी प्लग एकामागून एक जोडलेले. दिवाळीच्या दिव्यांच्या माळेचाच कारभार. एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. मग कुठला गेला हे शोधायला एकेक ओलांडून वीज पुढे न्यावी लागते. चाचांनी वायरीचा तुकडा घेऊन पहिला ओलांडला, दुसरा ओलांडला, आणि तिसरा ओलांडताच बाकीचे तापले. मिनिडोरवाला म्हणाला, "चाचा, आमच्या गल्लीतली माळ पण बघून द्या." चाचांनी त्या वर्षी ती खरोखरच दुरुस्त करून दिली.

एकदा ती साळावच्या पुलाच्या अलीकडे बंद पडली. तेलाच्या नळीत हवा शिरली होती. इथे तांडेलाने कुणाला हात लावू दिला नाही. बॉशच्या पंपाच्या अंगाला हाताने दाबायचा एक लहान पंप असतो. तेलाची जोडणी थोडी सैल करायची आणि बुडबुडे संपून निखळ तेल येईपर्यंत तो पंप मारायचा. होडीवर वादळात हेच काम केलेल्या माणसाला ते रस्त्याच्या कडेला करणे म्हणजे खेळ. "मायकोचा पंप दिसतो," तो म्हणाला. बॉशचा पंप हा, पण बंगळूरच्या मायको कंपनीने १९५१ पासून आपल्याकडे हे पंप इतके घरोघर नेले, की आमच्या किनाऱ्यावर जर्मन पंपालाही मायकोच म्हणतात.

खाऱ्या वाऱ्याशी मात्र रोजचेच भांडण. समुद्राकाठी लोखंड ठेवणे म्हणजे उंदरांच्या पहाऱ्यावर धान्य ठेवणे. गाडी गोड्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची, पत्र्याच्या शिवणींत तेल सोडायचे. एका वर्षी तांडेलाच्या सल्ल्याने खालच्या अंगाला होडीसारखे माशाचे तेल चोपडले. गंज खरोखरच थांबला. पण पंधरा दिवस सगळ्या चौलची मांजरे गाडीखाली येऊन बसत, आणि डॉक्टर रोग्याला भेटायला गेले की मांजरांचे एक शिष्टमंडळ मागून येई. काकू तेवढे पंधरा दिवस रिक्षाने हिंडल्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. दोन झाडे गाडीच्या पडवीवर पडली. वासा वाकला, पण वाचला, आणि गाडीच्या टपावर फक्त एक खळगा राहिला. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा या गाडीच्या बॅटरीवर आळीतल्या सगळ्यांच्या विजेऱ्या आणि फोन डॉक्टरांनी भरून दिले. रांग लागायची. टपावरचा तो खळगा चाचांनी सरळ करू म्हटले तर डॉक्टर म्हणाले, "राहू दे. देवीचा व्रण आहे तो."

आता त्या न थांबण्याच्या रोगाकडे येतो. भोवाळ्याच्या डोंगरावर दत्त आहे आणि दत्तजयंतीला त्याची मोठी यात्रा भरते. त्या यात्रेत, पायथ्याशी, डॉक्टरांनी गाडी लावली, किल्ली काढली, उतरले, आणि गाडी आपली चालूच. डॉक्टर पुन्हा बसले, किल्ली घातली, फिरवली, काढली. गाडी ढिम्म ऐकेना. माणसे जमली. यात्रेत फुकटची मौज कोण सोडतो? एक म्हणाला, तेल संपेल तेव्हा थांबेल. दुसऱ्याने दत्ताला नारळ बोलायला सांगितले. शेवटी तांडेल गर्दीतून आला, बॉनेट उघडले आणि इंजिनावरची लहानशी दांडी दाबली. तिच्यावर इंग्रजीत 'थांबा' असे लिहिलेले असते. गाडी गप्प झाली. गर्दी निराश होऊन पांगली.

पेट्रोलच्या गाडीची ठिणगी तोडली की ती मरते. डिझेलला तोडायला ठिणगीच नाही. तेल बंद करावे लागते. होडीवर त्यासाठी तार ओढतात. बेंझच्या कारागिरांना वाटले असावे, की साहेबलोकांनी तार कशाला ओढावी? म्हणून त्यांनी ते काम पोकळीकडे सोपवले. इंजिनावर एक पंप असतो, तो हवा खेचून नळ्यांत पोकळी निर्माण करतो. किल्ली बंद केली की ती पोकळी इंधनपंपावरच्या एका पडद्याला ओढते आणि तेल तुटते. तीच पोकळी ब्रेकला जोर देते, आणि तीच चारी दारांची कुलपे एकदम लावते. म्हणजे दारातली नळी कुठे फुटली तर इंजिन थांबत नाही. माणसाच्या पायाला काटा लागावा आणि त्याची बडबड थांबू नये, असा हा संबंध.

निदान डॉक्टरांनी हाती घेतले. म्हणाले, "घाई करायची नाही. जे चांगले आहे ते आधी बाजूला काढायचे. उरेल तो रोग." ब्रेक हलका लागतो आहे, म्हणजे पंप धड आहे. पंप बाजूला. इंधनपंपावरचा पडदा तपासला, तो धरतो आहे. तोही बाजूला. मग दारांकडे जाणारी पिवळ्या खुणेची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे ठरले. बुच मिळेना, तेव्हा तांडेलाने जाळे विणायच्या सुईचा एक तुटका तुकडा घासून बसवला. किल्ली फिरवली. गाडी आज्ञाधारक मुलासारखी थांबली. तेव्हा रोग दारांत. दारे चार, शिवाय डिकी आणि तेलाच्या टाकीचे झाकण. डॉक्टरांनी दवाखान्यातून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली. एकेका दाराची नळी जोडायची, दट्ट्या ओढायचा, दहा आकडे मोजायचे आणि सोडायचा. दट्ट्या झटकन परत गेला तर दार निरोगी. आकडे मोजायचे काम अर्थात मास्तरांकडे. मागच्या डाव्या दाराला दहा आकडे झाले, दट्ट्या सोडला, आणि तो जागचा हलला नाही. आतल्या रबराला वयाने आणि खाऱ्या हवेने भेग पडली होती.

मागच्या डाव्या दाराशी काकू बसतात. त्या ओसरीवरून म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच दारात पाणी मुरत होतं म्हणा!"

"पाणी नव्हे, वारा," डॉक्टर म्हणाले.

पुण्याच्या एका स्नेह्याने मोडीत निघालेल्या अशाच गाडीतले रबर काढून एस. टी.च्या पार्सलने पाठवले. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. चौलच्या ओल्या सुपाऱ्या मात्र मागून घेतल्या. या जुन्या गाड्यांच्या लोकांत असा एक व्यवहार चालतो. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहणारी बोट सुरू झाल्यापासून मुंबईची मंडळीही कधी कधी आपल्या गाड्या घेऊन येतात. त्यांच्या गाड्या आरशासारख्या. आमचीच्या टपावर वादळाचा खळगा. पण बॉनेट उघडले की सगळे सारखे होतात. मोठ्या कंपनीतला साहेब चाचांच्या हाताखाली पाना धरून उभा राहतो आणि त्याला 'अरे, दहाचा नाही, तेराचा दे' असे ऐकून घ्यावे लागते. तो ते आनंदाने ऐकतो. त्याच्या कचेरीत त्याला असे कुणी म्हणत नसेल.

या गाडीच्या धुराचे समर्थन मी करणार नाही. आज नव्या गाड्यांना २०२० पासून भारत सहाचे कडक नियम आहेत, आणि त्यांच्यापुढे आमची म्हणजे भर सभेत विडी ओढणारी आजीबाई. वकील कागद नीट ठेवतात, धुराची तपासणी वेळेवर होते. देशी मोटारींची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायला एके काळी ६०० रुपये पडत, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० झाले. सरकारचा इशारा स्पष्ट आहे. गाडीला २०२९ साली पन्नास वर्षे पूर्ण होतील, मग २०२१ च्या नियमाप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणता येईल. पण तशी नोंदणी झाली की तिला रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. माणसालाही एका वयानंतर आपण मान देतो आणि त्या मानाबरोबर त्याची कामे काढून घेतो. डॉक्टरांना हा नियम मी वाचून दाखवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अजून अवकाश आहे." तो अवकाश कुणाचा, हे त्यांनी सांगितले नाही.

माझ्या कामाविषयी सांगायचे राहिले. सुकाणू डाव्या बाजूला असले की पुढची एस. टी. ओलांडताना चालकाला पलीकडचे काही दिसत नाही. ते दिसते उजवीकडे बसलेल्याला. तो उजवीकडचा मी. पुढचा रस्ता पाहायचा आणि 'जा' किंवा 'थांबा' एवढेच म्हणायचे. कितीतरी वर्षे डॉक्टर माझ्या एका शब्दावर समोर न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी काढत आले. माझ्या कादंबऱ्यांवर इतका विश्वास कुणी ठेवलेला नाही.

गेल्या वर्षी मांडव्याहून परतताना, संध्याकाळच्या वेळी, डॉक्टर एका ट्रॅक्टरच्या मागून बाहेर निघू लागले आणि मी म्हटले, "थांबा." गाडी थांबली, पण थांबायच्या आधी बरीच पुढे गेली. समोरून येणारी मालमोटार कर्णा वाजवत निघून गेली. कुणाला काही झाले नाही. मागे बसलेल्या काकू काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, "ब्रेक उशिरा लागतो आहे. रविवारी चाचांना दाखवू."

रविवारी चाचांनी ब्रेक पाहिला. इंजिन बंद ठेवून पायटा पाच-सहा वेळा दाबला, दाबून धरला, आणि इंजिन चालू केले. पायटा थोडा खाली गेला. म्हणजे पोकळीचा जोर ठीक. चाके उतरवली. पट्ट्या पाहिल्या, नळ्या पाहिल्या, तेल पाहिले. मग चाचांनी गाडी वाडीच्या रस्त्यावर नेऊन जोरात थांबवली. चार वेळा. चारी वेळा ती जागच्या जागी थांबली. तांडेल जमिनीकडे पाहत होता. वकील चष्मा पुसत होते. चाचा हात पुसत आले आणि अगदी हळू म्हणाले, "ब्रेकला काही नाही झालं, डॉक्टर."

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगले ते सगळे बाजूला काढले ना?"

"काढले."

"बरं."

त्या महिन्यात त्यांच्या परवान्याची मुदत संपत होती. वकिलांनी अर्ज आणून ठेवला होता. त्यासोबत चाळिशीपुढच्या माणसाला लागणारा नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला. ज्या माणसाने तालुक्यातल्या शेकडो चालकांना या दाखल्यावर सही दिली, त्यालाच आता दुसऱ्या डॉक्टरपुढे बसायचे होते. अलिबागला त्यांचा एक विद्यार्थीवजा डॉक्टर आहे. त्याने न पाहताही सही केली असती. डॉक्टरांनी तो कागद ओसरीवर घेतला, चष्मा लावला आणि रोग्याचा असावा तसा प्रश्न प्रश्न वाचत गेले. नजर. ऐकणे. हातापायांची हालचाल. प्रत्येक प्रश्नापाशी ते थोडे थांबत. शेवटी कागद घडी करून त्यांनी वकिलांना परत दिला.

"असा पेशंट माझ्याकडे आला असता तर मी सही केली नसती," ते म्हणाले. "आणि मी कधी कुणाची ओळख पाहिली नाही."

वकिलांनी तोंड उघडले. कायद्यात काही वाट असती तर ती त्यांनी नक्की काढली असती. पण काकूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि ते मिटले. त्या दिवशी चहा आला तो काकू स्वतः घेऊन आल्या. मला वाटते, त्या ट्रॅक्टरच्या संध्याकाळपासून त्या या कागदाची वाट पाहत होत्या. फक्त तो दुसऱ्या कुणी वाचून दाखवू नये एवढेच त्यांना हवे होते.

गाडी विकायची, असे दोन आठवडे चालले. मुंबईच्या एका गृहस्थाने चांगली किंमतही सांगितली. मग एका रविवारी मिनिडोरवाला नेहमीसारखा हसत आला आणि डॉक्टरांनी त्याच्या हातावर किल्ली ठेवली. त्याचे हसू एकदम मावळले. "डॉक्टर, मला डाव्या अंगाची सवय नाय," तो म्हणाला.

"सवय मला आहे," डॉक्टर म्हणाले. "मी शेजारी बसेन."

तेव्हापासून गाडी डॉक्टरांच्याच वाडीत असते, चालवतो तो तरुण, आणि उजवीकडच्या माझ्या जागेवर डॉक्टर बसतात. पहिल्या रविवारी त्यांनी प्रत्येक बैलगाडीला 'थांबा' म्हटले. रेवदंड्यापर्यंत आम्ही सायकलवाल्यांच्या मागून गेलो. चौथ्या रविवारी आम्ही कोर्लईकडे निघालो होतो. साळावचा पूल ओलांडला, पुढे एक एस. टी. रमतगमत चालली होती. डॉक्टर पुढे झुकले. रस्ता त्यांनी आधी जवळ पाहिला, मग दूर पाहिला, मग वळणापर्यंत पाहिला. पोराचा पाय वाट पाहत होता.

"जा," डॉक्टर म्हणाले.

७२ अश्वशक्तींनी आपला वेळ घेतला, पण आम्ही पुढे निघालो. डॉक्टर मागे टेकून बसले आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी काच पुसली. काच स्वच्छ होती.

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली की हो, मास्तर!"

गेली खरी. इतकी वर्षे त्या रस्त्याने जाताना माझे डोळे समोरच्या डांबरावर खिळलेले असत. त्या दिवशी मी प्रथमच काच खाली केली आणि उजवीकडे पाहिले. कुंडलिकेची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटी लागली होती, दोन होड्या बाहेर निघाल्या होत्या, आणि कोर्लईचा डोंगर आपला किल्ला पाठीवर घेऊन पाण्यात उतरलेला दिसत होता. होड्यांच्या इंजिनांचा आवाज येत होता. आमच्या गाडीचाही तसाच येत होता. तांडेलाने कान देऊन दोन्ही ऐकले आणि मान डोलावली.